पोस्टर छापून झालं, पुढचं सांगा

सरकारने आरोग्यशिक्षणात काय काय केलं, हे वाचकांना पाठ आहे. लाल त्रिकोण, 'दो बूंद जिंदगी की', गाडगेबाबा अभियान आणि फोन लावला की पलीकडच्या माणसाआधी कानात बोलणारी ती कोविडची धून. त्यांचे सत्कार झाले, स्मरणिका निघाल्या, आकडे सभागृहात वाचून झाले. मला सांगायचं आहे ते स्मरणिकेच्या संपादक मंडळाने काढून टाकलेलं. फक्त माशीचा किस्सा सांगणार नाही. पोस्टरवरची हातभर माशी पाहून गावकरी म्हणतात, 'एवढ्या मोठ्या माश्या आमच्याकडे नाहीत बुवा', तो. प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला तो सांगतात, सगळे हसतात आणि दुसऱ्या तासाला गटागटाने बसून पुन्हा हातभर माशीच काढतात.

आधी पैशाचं बोलू. खात्यात या कामाला आयईसी म्हणतात आणि आयईसीचा निधी बहुधा मार्चएंड डोक्यावर आल्यावर हातात पडतो. लोकांशी बोलू शकणारी माणसं तयार करायला वर्षं लागतात. पोस्टर छापायला चार दिवस पुरतात. उपयोगिता प्रमाणपत्राला दोन्ही सारखीच, त्यामुळे छपाई जिंकते. एका जिल्ह्याच्या भांडारात हत्तीरोग, डेंग्यू, क्षयरोग असे सगळे रोग सुतळीही न सोडलेल्या गठ्ठ्यांत छतापर्यंत रचलेले मी पाहिले आहेत. एका वर्षी पावसाच्या तोंडावर ते छत गळू लागलं. भांडारपालाने हाताला लागतील ते गठ्ठे 'तातडीचे' असा शिक्का मारून प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे रवाना केले. त्यात डेंग्यूचे निघाले. ऐन जूनमध्ये, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, गावोगाव डेंग्यूची पोस्टर्स झळकली आणि नियोजनबद्ध प्रचाराबद्दल जिल्ह्याला वरून कौतुकाचं पत्र आलं. त्या पत्राचा हवाला देऊन भांडार उत्तम स्थितीत असल्याचं कळवण्यात आलं आणि छताची दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली, अशी वदंता आहे.

फ्लेक्सची तऱ्हा वेगळी. वर मान्यवरांचे चेहरे, खाली अधिकाऱ्यांची नावं, मधल्या पट्टीत मावेल तेवढं आरोग्य. अशा एका फ्लेक्सवर हात धुण्याच्या पायऱ्यांपैकी पाणी घेणं आणि साबण लावणं एवढंच मावलं होतं; साबण काढायचा कसा, हे जनतेच्या विवेकावर सोडलं होतं. मग आचारसंहिता लागली. चेहरे झाका असा आदेश आला, कर्मचाऱ्यांनी घाईत अख्खा फ्लेक्स झाकला. निकालानंतर तो उतरवला गेला आणि एका शेतकऱ्याच्या कांदाचाळीवर चढला, तोही सुलटा. तिथे तो कित्येक पावसाळे टिकला. जिल्ह्यातला सर्वांत दीर्घायुषी प्रचार तोच म्हणायचा. त्यावर खांद्याला खांदा लावून हसणारे दोन्ही मान्यवर तोवर एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवून मोकळे झाले होते.

मधल्या पट्टीत किती मावतं, हा प्रश्न दिल्लीत एका माणसाला फार आधी पडला होता. साठच्या दशकात कुटुंब नियोजनाच्या प्रचाराची सूत्रं डी. के. त्यागी या अधिकाऱ्याकडे होती. त्यांनी आणि फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर यांनी मिळून भाषणबाजी छाटत छाटत चार चेहरे, एक लाल त्रिकोण आणि 'दो या तीन बच्चे बस' एवढ्यावर आणली. त्रिकोण निवडण्यात मोठी चलाखी होती. तो वाचता न येणाऱ्याला ओळखता येतो आणि चित्रकला न येणाऱ्यालाही भिंतीवर काढता येतो. प्रचारासाठी 'लाल तिकोन' नावाचा एक हत्तीही गावोगाव फिरला. (त्याचा वैरणखर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडला असेल, या विचाराने माझ्यातला कारकून अजून अस्वस्थ होतो.) त्यागी १९६९मध्ये अकाली गेले. त्यांचं नाव आज खात्यात फारसं कुणाला माहीत नाही. पण संततिनियमनाची साधनं जगभर विकणारी डीकेटी इंटरनॅशनल नावाची एक अमेरिकी संस्था आहे, तिच्या नावातली तीन अक्षरं या माणसाची आहेत.

त्याच काळातला निरोधचा किस्सा आणखी चविष्ट. स्वस्त निरोध देशभर विकायची योजना कोलकात्याच्या आयआयएममध्ये आखली गेली, तेव्हा कामदेवाला स्मरून त्याचं नाव 'कामराज' ठेवावं असं सुचवलं गेलं. नाव छान होतं, उच्चारायला सोपं होतं, अर्थाला धरून होतं. अडचण एवढीच की तेव्हाच्या सत्ताधारी काँग्रेसच्या अध्यक्षांचं नाव के. कामराज होतं. अनर्थ थोडक्यात टळला आणि 'निरोध' हे सोवळं नाव पुढे आलं. १९६८मध्ये तो बाजारात आला, १५ पैशांना तीन. आता तो खेड्यापाड्यांत पोहोचवायचा कुणी? सरकारकडे दवाखाने होते, पण पानाच्या टपऱ्या नव्हत्या. मग ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड अशा कंपन्यांना गळ घातली गेली. चहा, साबण आणि बॅटरीचे सेल घेऊन फिरणारे त्यांचे विक्रेते निरोधही पोहोचवू लागले. भारत सरकारच्या त्या काळातल्या सर्वांत नाजूक विषयाचा प्रचार असा चहापत्तीच्या खोक्यांशेजारी बसून गावात शिरला.

एवढं कमावलेलं आणीबाणीत घालवायला फार वेळ लागला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या कशा झाल्या, ते सांगायला नको. महाराष्ट्राचा त्यातला वाटा मात्र आपण सोयीने विसरतो. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने १९७६मध्ये मंजूरही केलं होतं. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि संमती न मिळाल्याने तिथेच राहिलं, म्हणून आपण बचावलो. त्यानंतर पुरुषांची नसबंदी या देशात जी मागे पडली ती पडलीच. जो त्रिकोण बघून लोकांना डॉक्टर आठवायचा, तो जीपवर दिसला की पुरुष शेताकडे सुटायचे. उपाय म्हणून १९७७मध्ये 'कुटुंब नियोजन' खात्याचं नाव 'कुटुंब कल्याण' करण्यात आलं. जीप मात्र त्याच राहिल्या.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नव्या सरकारने गावागावांत आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना आणली. तीन महिने प्रशिक्षण, औषधांची पेटी, महिना ५० रुपये. गावाने आपला माणूस निवडायचा होता. गावाने निवडला, म्हणजे ज्यांनी निवडायचा त्यांनी निवडला, आणि निवडले गेले बहुतेक पुरुष. बाळंतपण आणि तान्ह्या मुलांबद्दल बायकांशी बोलायला गावातला तरणा पुरुष! चार वर्षांत या पदाचं नाव दोनदा बदललं: आधी कार्यकर्ता, मग स्वयंसेवक, मग मार्गदर्शक. पद वाढत गेलं, ५० रुपये जागचे हलले नाहीत. या कामाला गावातलीच बाई लागते, हे मराठवाड्याच्या वेशीवर जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं. त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवल्या, ते जमलं नाही. मग गावातल्या बायका घडवल्या, त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. जामखेड बघायला देशोदेशीचे पाहुणे येत राहिले. मुंबई-दिल्लीच्या फायलींना तिथवर यायला २००५ उजाडलं. तेव्हा 'आशा' आली.

कलापथकांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका कलापथकाच्या वगात एक समजूतदार डॉक्टर आणि एक दारुडा होता. दारुडा झालेला गडी अस्सल होता, तो नुसता अडखळला तरी टाळ्या पडायच्या. डॉक्टर यायचा, क्षयरोगाचे सगळे मुद्दे शुद्ध भाषेत सांगायचा आणि पब्लिक तंबाखू मळायला घ्यायचं. कार्यक्रमानंतर पोरांना विचारलं, काय आठवतं? सगळ्यांनी दारुड्याची चाल करून दाखवली. साहेबांनी फर्मान काढलं, दारुडा कमी करा. कलापथकाच्या म्होरक्याने नंदीबैलासारखी मान डोलावली आणि गुपचूप उलटंच केलं: डॉक्टरची सगळी वाक्यं दारुड्याला दिली. 'दोन आठवडे खोकला, तर थुंकी तपासा' हे तो झोकांड्या खात म्हणायचा आणि अख्खं गाव त्याच्याबरोबर म्हणायचं. साहेब पुन्हा बघायला आले ते भारावूनच गेले. डॉक्टरच्या भूमिकेतल्या नटाला त्यांनी व्यासपीठावर नारळ दिला.

२०००-०१पासून संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. महाराष्ट्राच्या स्वभावाची नस या अभियानाला बरोबर सापडली होती. स्वच्छतेचं महत्त्व कितीही सांगा, गाव ढिम्म. शेजारच्या गावाला बक्षीस मिळणार म्हटलं की रात्रीत गटारं उपसली जातात. भावकीचं वैर विधायक कामाला लावणारी अशी योजना मी दुसरी पाहिली नाही. समिती येणार त्या दिवशी कुठे कुठे उकिरडेही शेजारच्या शिवारात सोडले जायचे, तो भाग अलाहिदा. गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी आणि सवाल जास्त करायचे, उत्तर समोरच्याकडूनच वदवून घ्यायचे. खात्याने त्यांचा झाडू उचलला आणि सवालांच्या जागी उद्घोषणा बसवल्या.

पुढे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठायला गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे शिट्ट्या, कुठे गुलाबाची फुलं, कुठे पोलिसांचा धाक. एका पथकाची जीप तालुक्याहून पहाटे चारला निघाली. नदीकाठी चांगली मोहीम झाली, पाचसहा टमरेलं जप्त झाली. उजाडता उजाडता मात्र पथकातल्या एका साहेबांची चुळबुळ सुरू झाली. घरून इतक्या लवकर निघाल्याने त्यांचं स्वतःचं उरकायचं राहून गेलं होतं. निर्मल गावच्या सरपंचांचा वाडा जवळच होता. सरपंचांनी लगबगीने किल्ली शोधली, ती सापडली, कुलूप उघडलं. आत छतापर्यंत गोवऱ्या होत्या. साहेबांनी जप्त केलेल्यातलंच एक टमरेल उचललं आणि नदीची वाट धरली. शिट्टी कुणी वाजवली नाही.

आता पोलिओ. हा विषय मोठा आहे, कारण सरकार बोलायला खऱ्या अर्थाने इथे शिकलं, तेही दणके खाऊन. १९९५मध्ये पल्स पोलिओ देशभर सुरू झाला तेव्हा उत्साह अमाप होता. आकडे उतरत गेले आणि २००२ साली एकदम उसळले: देशात १६०० रुग्ण, त्यातले १२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. बाहेर सांगितलं गेलं की लोक अडाणी आहेत, अफवांना बळी पडतात. नपुंसकत्व येतं ही अफवा होतीच. पण अफवेला खतपाणी कुणी घातलं? ज्या गावात तापाची गोळी मागायला गेलं तर दवाखान्याला कुलूप असायचं, त्याच गावात सरकारी माणसं महिन्या-दोन महिन्यांनी दारात उभी राहून फुकट दोन थेंब पाजायचा आग्रह करत होती. ज्या सरकारला नसबंदीच्या दिवसांपासून ओळखलं, ते एकाएकी इतकं प्रेमळ कसं झालं, हा प्रश्न पडणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही.

मग अमिताभ बच्चन आले. जाहिराती आधी गोड होत्या. विनंती, आर्जव, हात जोडणं. जाहिरात क्षेत्रात आवडीने सांगतात की पीयूष पांडे यांनी बच्चनना रागवायला लावलं. पडद्यावरचा तो जुना संतापलेला माणूस आईबापांवर कडाडला. पुढे केंद्रावर आलेल्या बायकांना विचारलं, इतके दिवस आला नाहीत, आज कशा आलात? उत्तर आलं की अमिताभजी रागावलेत. वजनदार माणसाला पुढे करायची युक्ती तशी मुंबईच्याच मातीतली. १८९७च्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि आगाखानांनी आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून चारचौघांत ती टोचून घेतली. फरक एवढाच की आगाखानांना सुई लागली होती.

तरीही बच्चन दारापर्यंत आणू शकत होते, दार उघडायला दुसरं कुणी लागत होतं. पथकं घरांवर खडूने खुणा करत. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर 'पी', कुणी राहिलं तर 'एक्स'. एक्स घरांना पुन्हा जावं लागे, बोलणी खावी लागत, वरून विचारणा होई. त्यामुळे उन्हं चढू लागली की पीची संख्याही चढू लागे. खडूची किंमत ती काय! हे उघड झालं ते पर्यवेक्षकांनी घरांच्या खुणा सोडून मुलांच्या डाव्या करंगळ्यांवरची डोसची शाई बघायला सुरुवात केली तेव्हा. दारावर ठसठशीत पी आणि आत कोऱ्या करंगळ्यांची तीन पोरं. मग युनिसेफच्या मदतीने उत्तर प्रदेश-बिहारात वस्तीतल्याच बायका नेमल्या गेल्या, पुढे त्यांची संख्या सात हजारांवर गेली. त्यांनी इमामांना गाठलं, मशिदीच्या भोंग्यावरून डोसची वेळ जाहीर करवली, पोरांच्या 'बुलावा टोळ्या' काढल्या. काही गावांनी अट घातली की आधी रस्ता, मग थेंब. त्या बायकांच्या हातात रस्ता नव्हता. पण अखेरीस २००९च्या सुमाराला सगळ्यांत अडचणीच्या १०७ तालुक्यांत थेंबांबरोबर जुलाब, हातधुणी, स्तनपान आणि झिंकच्या गोळ्या यांचीही बात सुरू झाली. १३ जानेवारी २०११नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही. खडूने हरवलेली लढाई अशी वस्तीतल्या बायकांनी फिरवली. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र स्वीकारताना मंचावर अर्थातच वेगळी माणसं होती.

आपल्याकडचा पोलिओ तुलनेने सुखाचा. वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ, एसटी स्टँड, रेल्वे फलाट अशी फिरती पथकं असत. मुलांना शिट्टी किंवा टोपी मिळे. एका स्टँडवर पोरांनी शोध लावला की करंगळीची शाई पुरती वाळायच्या आत घासली तर फिकी होते आणि दुसऱ्या बूथवर दुसरी शिट्टी मिळते. डोस जास्त झाल्याने पोरांचं काही बिघडत नव्हतं, बिघडला तो तक्ता. काम १०४ टक्के भरलं. शंभरावर कसे गेलात, असा खुलासा मागवणारं पत्र आलं. पुढच्या फेरीत त्याच केंद्राचं काम बरोबर ९८ टक्के झालं आणि कुणीही काहीही विचारलं नाही.

कोविडच्या वेळी सरकारकडे खेड्यातल्या भिंतींऐवजी प्रत्येकाचा कान होता. मार्च २०२०मध्ये फोनवरची पहिली धून सुरू व्हायची ती खोकल्याने. माणसं दचकून फोन ठेवायची आणि दुसऱ्या फोनवरून कळवायची की अमक्याला झालेला दिसतोय. मग बच्चनसाहेबांचा आवाज आला. त्यांना स्वतःलाच कोविड होऊन गेल्यावर, हा सल्ला त्यांनी का द्यावा, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाला काही ठरवावं लागण्याआधीच, जानेवारी २०२१मध्ये, लसीकरणाची नवी धून आली. ती इतकी निष्ठेने वाजत राहिली की मे महिन्यात लशी संपल्या तरी लस घ्या म्हणून सांगतच होती. लसच नाही तर घ्यायची कुठून आणि हे ऐकवता कशाला, असं त्याच न्यायालयाने सरकारला सुनावलं. खोकल्यापासून इथपर्यंत आलेल्या त्या प्रचारमोहिमेचं कुणी प्रामाणिक मूल्यमापन केलं असेल तर ते बहुधा याच सुनावणीत.

तेव्हा दारोदार जात होत्या त्या आशाताई. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. जिनिव्हाचा गौरव लगेच पोहोचला, तालुक्याचा मोबदला कसा पोहोचतो ते त्यांनाच विचारा.

२०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू होतं. आशा आणि शिक्षक घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत होते. माहितीपत्रक होतं, घोषणा होती, दारावर चिकटवायचं स्टिकर होतं. लोकांना मात्र एकच भीती: ताप निघाला की गाडी येते आणि उचलून नेते. एका गावात आजींनी दार किलकिलं करून सांगितलं, 'सगळे ठणठणीत आहेत बाई.' आतून खोकला आला. आजींनी तो ऐकलाच नाही, आशाताईंनीही नाही. त्या म्हणाल्या, 'बरं आजी. संध्याकाळी जरा लसूण द्याल का? घरातला संपलाय.' संध्याकाळी त्या बिनपिशवीच्या, बिनमशीनच्या आल्या, ओट्यावर टेकल्या, पोरीच्या लग्नापासून बोलत बोलत आजोबांपर्यंत पोहोचल्या. पदराआडून ऑक्सिमीटर निघाला. आकडा घसरलेला होता. रात्रीच आजोबा दवाखान्यात गेले, स्वतःच्या पायांनी, जावयाच्या गाडीतून. दुसऱ्या दिवशी अहवाल भरताना आशाताईंनी पर्यवेक्षकांना विचारलं की ही संध्याकाळची भेट कुठे लिहू. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, माहितीपत्रक वाटलं का, स्टिकर लावलं का, फोटो अपलोड केला का, आणि म्हणाले, 'यातलं काही केलंस का?' नव्हतं केलं. मग त्या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं.